वाजणारे कपडे

दत्ताराम घाडींच्या हॉलमधला सोफा मंगळवारी दिसेनासा झाला. सोमवारपर्यंत त्याच्या एका कोपऱ्यात टेकायला तरी मिळत होतं. मंगळवारी सकाळी चौथ्या मजल्याने माळे साफ केले, दुपारी बी विंगला दयेचा पाझर फुटला, आणि संध्याकाळी दत्ताराम हातात चहाचा कप घेऊन स्वतःच्याच घरात उभं राहायला जागा शोधत होते. सगळीकडे गोण्या होत्या. एका गोणीतून कुणाच्या तरी लग्नातली शेरवानी डोकावत होती, दुसरीतून शाळेच्या स्नेहसंमेलनातलं वाघाचं शेपूट लोंबत होतं.

"तळमजला घेऊ नको म्हटलं होतं," ते वनमालाबाईंना म्हणाले. "तळमजल्याचं घर म्हणजे सगळ्या गावाची पडवी."

"घर घेऊन जन्म गेला. आता काय बोलताय? आणि ते शेपूट आत ढकला, पायात येतंय."

"पूरग्रस्ताला वाघाचं शेपूट कशाला लागतं, सांग मला."

"देणाऱ्याला विचारा. मी काय त्याची मावशी लागते?"

या गोण्यांचं मूळ समोरच्या दारात होतं. समोरच्या दारात रत्नप्रभाबाई उजागरे राहत. मोठ्या इस्पितळात त्या मेट्रन होत्या आणि निवृत्त झाल्यावरही त्यांचा आवाज निवृत्त झाला नव्हता. त्या कुणाच्याही समोर उभ्या राहिल्या की त्या माणसाला आपसूक जीभ काढून दाखवावीशी वाटे. मुलुंडमधल्या एका लहानशा मराठी चर्चच्या महिला मंडळाचा कारभार त्यांच्याकडे होता. त्या पावसाळ्यात तळकोकणात नदीने पात्र सोडलं, वाड्याच्या वाड्या पाण्याखाली गेल्या, आणि चर्चने तिकडे सेवा-पथक पाठवायचं ठरवलं. चिखल उपसायचा, घरं धुवायची, जुने कपडे वाटायचे. चर्चचा हॉल सोमवार ते शुक्रवार शिकवणी वर्गाला दिलेला असल्यामुळे कपडे ठेवायला जागा नव्हती. रत्नप्रभाबाईंनी समोरच्या घरात नजर टाकली आणि जागा सापडली.

"वनमालाबाई, आम्ही माडवाडीला जाणार आहोत," त्या दारातूनच म्हणाल्या होत्या. "तिकडची वाट माहीत असलेलं कुणी ओळखीचं आहे का?"

वनमालाबाईंनी बोट दाखवलं. "हे काय बसलेत. ह्यांचं गावच ते."

दत्ताराम तेव्हा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला तो बराच वेळ खाली घेतला नाही, कारण तोंडावर जे उमटलं होतं ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.

माडवाडीत त्यांचं घर होतं. घरात थोरले भाऊ विश्राम राहत होते. आणि त्या घरात दत्तारामांनी कित्येक वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. कारण म्हणाल तर एक पाटी. एका गणपतीला दत्ताराम सहकुटुंब गावी गेले, तर दोघांच्या बापाने बांधलेल्या घरावर संगमरवरी पाटी, आणि पाटीवर फक्त 'विश्राम सदाशिव घाडी'. दत्ताराम पायरीवरून मागे फिरले. "तू बोलयल्याशिवाय हय पाय ठेवचंय नाय," असं ते म्हणाले, आणि आत बोलावण्याऐवजी विश्राम म्हणाले, "मगे रव थयच." बापाची जीभ दोघांनाही वारसाहक्काने मिळाली होती, तिची वाटणी मात्र अगदी समान झाली होती.

तेव्हापासून दर गणपतीला दत्तारामांचा गुडघा दुखायचा.

पण यंदा पूर आला. चुलतभावाने फोनवर सांगितलं की पाणी पडवीपर्यंत आलं होतं आणि विश्राम माळ्यावर बसून होते. मग चुलतभावाचा फोनच लागेनासा झाला. दत्ताराम दिवसातून कितीदा तरी फोन हातात घेत, दादाचं नाव काढत आणि परत ठेवून देत. त्यांना दादाची काळजी वाटत होती. जीव तुटत होता. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती आणि वनमालाबाईंना ती पहिल्या दिवसापासून माहीत होती.

म्हणूनच सेवा-पथक म्हणजे देवाने पाठवलेली वाट होती. मग तो देव कुठल्या का देवळातला असेना. "मी दादाकडे चाललेलो नाही," दत्तारामांनी बायकोला बजावून सांगितलं. "मी सेवेला चाललोय. पथक शाळेत उतरणार, मी पण शाळेत उतरणार. वाटेत दादा दिसला तर त्याला माझा इलाज नाही."

"घर शाळेसमोरच आहे," वनमालाबाई म्हणाल्या.

"शाळा मी बांधली का?"

शनिवारी पथकाची तयारीची बैठक होती. निघताना दत्तारामांनी गोण्यांकडे पाहून सुस्कारा सोडला. "आज जरा ह्याच्यातले फाटके बाजूला काढ. फाटके न्यायचे नाहीत, असं उजागरेबाईंनी सांगितलंय."

"आणि फाटक्यांचं काय करू?"

"काय वाटेल ते कर. माझ्या नजरेसमोर नको."

माणसाचं वाटोळं व्हायचं असलं की त्याच्याच तोंडून होतं. पण हे त्यांना तेव्हा कळलं नाही.

बैठक चर्चच्या हॉलमध्ये होती. चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, विशाल हिवाळे हे तरुण गृहस्थ, जीन्स घालणारे आणि मऊ बोलणारे. त्यांनी सगळ्यांना गोल बसवून सांगितलं, "तिथे आपण धर्माबद्दल बोलायचं नाही. फोटो काढायचे नाहीत. कुणाच्या घरी जेवायचं नाही. हात चालवायचे आणि कान उघडे ठेवायचे. आणि बॅग हलकी ठेवा. आपलं ओझं त्यांच्यावर नको."

मग ऐकण्याचा सराव झाला. दोघादोघांच्या जोड्या केल्या. एकाने पूरग्रस्त व्हायचं आणि दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकून घ्यायचं. दत्तारामांच्या नशिबी रत्नप्रभाबाई आल्या.

"बोला," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "तुम्ही पूरग्रस्त."

दत्ताराम गोंधळले. मग त्यांच्या तोंडून काही कारण नसताना निघालं, "माझा एक भाऊ आहे. थोरला. तो काय करत असेल, त्याने खाल्लं की नाही, मला काही कळत नाही—"

"ताप आहे?"

"मला नाही. तो एकटाच असतो, आणि—"

"पाणी उकळून पिता का? जुलाब?"

"बाई, ऐकायचं आहे ना?"

"ऐकतेच आहे. होतात की नाही तेवढं सांगा."

दत्ताराम नाही म्हणाले आणि पूरग्रस्ताची मुलाखत संपली. तरी घरी परत येताना त्यांना बरं वाटत होतं. कितीतरी वर्षांनी 'माझा एक भाऊ आहे' हे वाक्य त्यांनी मोठ्याने उच्चारलं होतं.

दार उघडलं आणि त्यांना सोफा दिसला. अख्खा सोफा, उशांसकट. क्षणभर त्यांना फार आनंद झाला. मग टीपॉय दिसलं, आणि टीपॉयवर स्टीलचे टोप दिसले. एकात एक घातलेले, चकचकीत. जमिनीवर पराती, खिडकीत कळशा, टीव्हीवर एक कढई. खुद्द वनमालाबाई मधोमध बसून फडक्याने एक पातेलं पुसत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर लढाई जिंकून आलेल्या माणसाचं समाधान होतं.

"हे काय आहे?" दत्तारामांनी विचारलं.

"बोहारीण आली होती."

दत्ताराम सोफ्यावर बसले. आता बसायला जागा होती.

"मी फाटके काढून ठेवले होते," वनमालाबाई सांगू लागल्या. "तर ती नाक मुरडायला लागली. फाटकं कोण घेतं, म्हणाली. बरोबर आहे तिचं, तिला पण विकायचंच असतं. म्हणून मी एक धड साडी टाकली वर. तर ती एक चमचा काढून ठेवते. चमचा. मला काय आज ओळखते ती? मी म्हटलं टोप काढ. ती म्हणाली अजून टाका. मी टाकले. मग ती टोपावरून परातीवर आली, मी मागे हटले नाही—"

"किती गोण्या दिल्यास?"

"सगळ्या नाही दिल्या," वनमालाबाई दुखावून म्हणाल्या. "फाटक्यांची आहे ना ती."

दत्तारामांनी डोळे मिटले. मग एकदम उघडले. चपलांच्या कपाटाशेजारी एक खोकं होतं. त्यात पथकाची निळी जॅकेटं होती, पाठीवर पांढरा क्रूस आणि खाली 'सेवा-पथक, मुलुंड'. कालच छापून आली होती. खोकं तिथे होतं. ते फारच हलकं दिसत होतं.

"ती पण?"

"ती मोठी परात बघा तुम्ही. जाड आहे. ती त्या परातीवर अडूनच बसली हो."

"वनमाला, ते कपडे देवाचे होते."

"देवाचे कसले, बी विंगचे."

"मी उजागरेबाईंना काय तोंड दाखवू? मला पथकातून काढतील. मी गावाक कसो जातलंय?" दत्ताराम मालवणीत आले म्हणजे पाणी गळ्यापर्यंत आलं, हे वनमालाबाईंना ठाऊक होतं. त्या पहिल्यांदाच जरा वरमल्या आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं. एवढंच झालं. बोहारणीशी केलेला सौदा मोडता येतो, ही कल्पना त्यांच्या खानदानात कुणाला शिवलेली नव्हती.

दत्ताराम रिक्षा करून बोहारणीच्या मागे गेले. ती त्यांना पुलाखालच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात सापडली. टोपली पालथी घालून तिच्यावर बसली होती आणि चहा पीत होती.

"कपडा आता माझा नाय राहिला, काका," ती म्हणाली. "आला तसा गेला. शेरवानी तर हातोहात गेली."

"आणि ती जॅकेटं?"

"ती तर सगळ्यात आधी. एकदम कोरा माल." तिने आदराने मान हलवली. "पण तुमची बाई लई कडक हाय, काका. एवढी वर्सं धंदा करते, अशी बघितली नाय. वर झाकण पण मागत होती. मी बोलली, झाकण वेगळा. झाकणासाठी अजून कपडा काढ."

"मग?"

"मग काय, तुमच्या घरात कपडा संपला."

रविवारी सकाळी पथक निघायचं होतं तो रविवार पावसामुळे एक आठवडा पुढे गेला. देवाने दत्तारामांना अख्खा आठवडा दिला, तो फक्त घाबरण्यासाठी. सोमवारी नाक्यावरच्या केळीवाल्याच्या पाठीवर 'सेवा-पथक, मुलुंड' झळकलं. मंगळवारी बँकेच्या सुरक्षारक्षकाच्या. बुधवारी एक गृहस्थ ते जॅकेट घालून भर रस्त्यात रिक्षावाल्याच्या आईबहिणीचा उद्धार करताना दत्तारामांनी पाहिले आणि ते पदपथ बदलून पळाले. गुरुवारी पाळकांचा फोन आला.

"घाडीकाका, आज नाक्यावर आपला एक कार्यकर्ता भेटला. केळी विकतात ते. तुम्ही तयार केलंत त्यांना?"

दत्तारामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "त्यांची फार इच्छा होती," ते म्हणाले.

"मी हात मिळवला त्यांच्याशी. त्यांनी मला दोन केळी दिली." पाळकांचा आवाज दाटून आला. "आम्ही वर्षभर सांगतोय, पण सेवेला माणूस पुढे येत नाही. तुम्ही आठवड्यात हे केलंत. बाकीची जॅकेटं पण वाटलीत का?"

"बाकीची गोणीत बांधलीत. मळतील ना. तिकडे गेल्यावरच घालू."

दत्तारामांनी फोन ठेवला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, गुडघ्याचं सोडलं तर. शुक्रवारी त्यांनी ठरवलं की बास, सांगून टाकायचं. पथकातून काढतील तर काढतील. ते समोरच्या दाराशी गेले, बेल वाजवली, दार उघडलं, आणि रत्नप्रभाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय होतंय?"

"बाई, मला एक सांगायचं होतं. आठ दिवस झाले, आतल्या आत—"

"आठ दिवस? आणि आज सांगताय?"

त्या आत गेल्या आणि इसबगोलाचा डबा घेऊन आल्या. दोन चमचे, कोमट पाण्यातून, असं सांगून त्यांनी दार लावलं. दत्ताराम डबा हातात धरून जिन्यात उभे राहिले. पापाची कबुली द्यायला गेलेला माणूस पोट साफ करायचं औषध घेऊन परत आला, यापेक्षा त्याची वाईट अवस्था ती काय असणार.

शेवटी निराश माणूस जे करतो ते त्यांनी केलं. भांडी गोण्यांत भरली, वर फाटके कपडे दाबले आणि तोंडं शिवून टाकली. बाहेरून गोणी ती गोणीच. एकदा माडवाडीत पोचायचं, लांबून का होईना दादाला डोळ्यांनी बघायचं, मग गोण्या उघडोत नाहीतर धरणी दुभंगो.

"निदान एवढं कर," ते वनमालाबाईंना म्हणाले, "माझी बॅग भर. हलकी भर, असं पाळकांनी सांगितलंय."

"भरते," वनमालाबाई म्हणाल्या.

रविवारी फाटकासमोर टेम्पो आणि मिनीबस उभी राहिली. पथकातली माणसं जमली. पाळकांनी स्वतः बाह्या सरसावून पहिली गोणी उचलली आणि टेम्पोत टाकली. गोणी आतून खणखणली. पाळकांनी दुसरी टाकली. ती जास्तच वाजली, आणि नंतरही थोडा वेळ वाजत राहिली.

"काका, हे कपडे वाजतायत का?"

"बटणं असतील," दत्ताराम म्हणाले.

रत्नप्रभाबाई चष्मा काढून पुसू लागल्या. हे चिन्ह चांगलं नव्हतं. त्यांनी चष्मा परत लावला असता आणि गोणीला हात घातला असता, तर दत्तारामांची कथा तिथेच संपली असती. पण नेमका पाळकांचा फोन वाजला.

"गावातून आहे," पाळक म्हणाले. "तिथल्या पूरसमितीचे प्रमुख. सगळ्यांना ऐकू दे." त्यांनी आवाज मोठा केला.

"हालॉव," फोन म्हणाला. "मी विश्राम घाडी बोलतंय, माडवाडीसून."

दत्तारामांनी मिनीबसच्या दाराला धरलं. तोच आवाज. जरा खरखरीत झाला होता, जरा म्हातारा. पण जिवंत होता. एवढ्या दिवसांनी छातीवरचा दगड हलला आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"निघालात काय तुमी?" विश्राम विचारत होते. "निघाला नसलात तर आयका. कपडे आणू नकात. हात जोडतंय. कपड्यांचो डोंगर झालो हा हय. शाळा भरली, पोरांक बसाक जागा नाय. काल एका गोणीतसून मोराचो पिसारो निघालो. तो मी घालू?"

पाळक पांढरे पडले. "पण दादा, आमच्याकडे तर सगळे कपडेच आहेत."

"मगे येव नकात. वायट वाटान घेव नकात, पण खरा सांगतंय. तांदूळ इलो, डाळ इली. पण शिजवतलंव कशात? टोप नाय, परात नाय, कळशी नाय. सगळा पाण्यान न्हेला. अर्धी वाडी एका टोपात जेवता."

पाळकांनी फोनवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "आज जाण्यात अर्थ नाही मग. भांडी जमवायची म्हणजे अजून महिना जाईल." कुणीतरी मिनीबसमधून आपली बॅग उतरवायला लागलं.

दत्तारामांना समोर दोनच गोष्टी दिसत होत्या. एकीकडे रत्नप्रभाबाई होत्या आणि दुसरीकडे फोन होता. त्यांनी फोनकडे तोंड केलं.

"टोप आसत," ते म्हणाले.

फोन खरखरला. मग म्हणाला, "कोण? दत्तू?"

"व्हय. टोप आसत, पराती आसत. कळशे आसत. कढई पण आसा एक."

"तू थय काय करतंस?"

"सेवेक येतंय."

रत्नप्रभाबाईंनी तोवर जवळच्या गोणीचं तोंड उसवलं होतं. वाघाचं शेपूट बाजूला सारून त्यांनी आत हात घातला आणि तो मोठ्या परातीसकट बाहेर काढला. त्यांनी परातीकडे पाहिलं, दत्तारामांकडे पाहिलं, मग वनमालाबाईंकडे पाहिलं. वनमालाबाई शांतपणे म्हणाल्या, "पुरात भांडी पहिली जातात, हे मला माहीत होतं." आठ दिवसांत त्यांना हे नेमकं त्या क्षणी माहीत झालं होतं, पण चेहऱ्यावरून कुणाला शंका आली नसती. एवढंच नाही, तर त्या घरात गेल्या आणि गॅसच्या सिलिंडरमागे लपवलेलं सगळ्यात मोठं पातेलं घेऊन आल्या. ते त्यांनी स्वतःच्या हाताने टेम्पोत ठेवलं, आणि ठेवताना एकदा त्याच्यावरून हात फिरवला.

"राहायची सोय शाळेत होती," पाळक फोनवर म्हणाले. "आता शाळेत तर..."

"शाळेत खंय रवतलात, कपड्यांवर? माझ्या घराक येवा. माळो सुको आसा."

दत्ताराम फोनच्या आणखी जवळ सरकले. "दादा, माका बोलयलंस?"

"सगळ्यांका बोलयलंय. तू सगळ्यांत येतंस मां?"

पाळकांना यातलं काही माहीत नव्हतं, पण ऐकण्याचा सराव त्यांनी खरोखरच केला असावा. त्यांनी फोन बंद केला नाही. निघण्यापूर्वीची प्रार्थना त्यांनी केली, मग दत्तारामांना म्हणाले, "काका, तुमच्या गावी चाललोय. तुमच्या पद्धतीने तुम्हीही काही म्हणा."

घाडी म्हणजे गावाचं गाऱ्हाणं घालणारं घराणं. देवापुढे सगळ्यांच्या वतीने उभं राहून मागणं मागायचं, आणि जमलेल्यांनी दर मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. बापामागे हा मान थोरल्याचा. दत्तारामांनी जन्मात कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. पण लहानपणी बापाच्या मागे उभं राहून ऐकलेलं कानात होतं. त्यांनी मुलुंडच्या रस्त्यावर, टेम्पोसमोर हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या धन्या. आज ही तुझी लेकरा, कोण ह्या देवळातली, कोण त्या देवळातली, एका गाडयेत बसान निघाली हत. त्यांच्या वाटेत काय वाकडानाकडा आसात ता दूर कर रे म्हाराजा."

पथकाला पुढे काय म्हणायचं ते माहीत नव्हतं.

"जेंच्या घरात पाणी इला तेंच्या चुली पेटव रे म्हाराजा. आणि भावाभावात काय उणादुणा झाला आसात, एकान पाटी लावली आसात, दुसरो तोंड फिरवन गेलो आसात, तर दोघांची चूक पोटात घाल रे म्हाराजा."

"पाटी गेली पुरात व्हावान," फोन म्हणाला. मग थोड्या वेळाने, घसा खाकरून, पुन्हा म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"आमेन," रत्नप्रभाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ अख्खं पथक म्हणालं. त्यांनी चष्मा परत काढला होता, पण या खेपेला काचा खरोखरच ओल्या झाल्या होत्या.

सगळे मिनीबसमध्ये चढू लागले. फोनवर विश्रामांना अजून काहीतरी आठवलं. "दत्तू, टोपांवर झाकणा आसत मां? हय माशी भारी झाली हा."

दत्ताराम दारातच थबकले. बोहारीण त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. झाकण वेगळा. इतकं सगळं होऊन शेवटी झाकणांवर गाडी अडली. त्यांना हुंदका आवरेना.

"आसत म्हणा," मागून वनमालाबाई म्हणाल्या.

"खंय आसत?"

"तुमच्या बॅगेत. काल परत आली होती ती."

दत्तारामांनी पायाशी ठेवलेली बॅग उचलून बघितली. हलकी भरायला सांगितलेली बॅग चांगलीच जड होती. त्यांनी चेन उघडली. वरपासून खालपर्यंत झाकणं होती. मोठी, मधली, लहान, मापाप्रमाणे नीट लावलेली. कडेला इसबगोलाचा डबा होता.

"आणि माझे कपडे?"

"झाकणांना कपडा लागतो म्हणाली ती," वनमालाबाई म्हणाल्या. "आणि भावजी म्हणतत ना, थय कपड्यांचो डोंगर आसा."

मिनीबस निघाली. प्रत्येक खड्ड्याला दत्तारामांच्या मांडीवरची बॅग वाजत होती आणि मागच्या टेम्पोतून तिला उत्तर येत होतं. डोंगरात काय मिळेल ते मिळेल, अंगावर घालायला मागावं लागणार ते दादाकडेच, हे त्यांना नीट कळलं होतं. लहानपणापासून विश्रामचेच शर्ट उतरून त्यांच्या अंगावर यायचे, आणि ते त्यांना नेहमी एक माप मोठे व्हायचे.